शुगरच्या कागदामागचं मन

आज शुगरच्या ओपीडीत रांगेतल्या पेशंटना डब्ल्यूएचओ-५, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची मनाचं स्वास्थ्य तपासणारी प्रश्नावली वाचून दाखवत होते. पाचच प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे: मन आनंदी होतं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, दिवस आवडीच्या गोष्टींत गेला का. प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरजेला ४ ने गुणायचं. १०० पैकी ५० किंवा कमी आले की पुढे विचारपूस करायची.

नागपूरच्या इतवारीतल्या एका काकांची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, बरी होती. शेवटच्या प्रश्नावर मात्र ते थांबले. "आवडीचं? आता काहीच नाही जी. अंबाझरीला फिरायला जायचो, तेही सुटलं." काकू चमकून त्यांच्याकडे बघत राहिल्या. घरात सगळे म्हणायचे, शुगरनं थकवा येतो.

हीच तर अडचण आहे. थकवा, झोप उडणं, भूक बदलणं मधुमेहातही दिसतं आणि नैराश्यातही, म्हणून नैराश्य लपून राहतं. मधुमेह असलेल्यांत ते इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतं. मग औषधं चुकतात, पथ्य सुटतं, शुगर वाढते. कमी गुण म्हणजे निदान नव्हे. ते डॉक्टरच बोलून ठरवतात. पण सुरुवात तर होते! मला वाटतं, पायांच्या तपासणीसारखं हेही दरवर्षी व्हावंच.

काकांना आजच मानसोपचार विभागात पाठवलं, काकू सोबत गेल्या. तुमच्या घरी कुणी असं गप्प झालं असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.