तो फोटो माझाच आहे

‘तुहा फोटो खरा हाय का गा?’

युरिया न्यायला आलेला माणूस पैसे मोजता मोजता हे विचारतो. लग्नाच्या पंगतीत विचारतात. परवा एकानं तर दशक्रियेच्या ठिकाणी मोबाइल काढला आणि माझाच फोटो माझ्यासमोर धरला. डावीकडे मी, ढेरी सुटलेला. उजवीकडे मी, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. वर वजन उतरवून देणाऱ्या कोचचं नाव, खाली ‘पाच महिन्यांत २३ किलो’, आणि त्याखाली फी भरायची लिंक. विचारणाऱ्याला खरं तर माझ्या फोटोचं काही पडलेलं नसतं. पोराला या कोचकडे पैसे भरू द्यायचे की नाही, हे त्याला हवं असतं.

आजवर मी ‘हो, खरा आहे’ एवढंच म्हणून गिऱ्हाईक वाटेला लावत आलो. ते खोटं नव्हतं. दोन्ही फोटो माझेच, कुठं काही खोडलेलं-जोडलेलं नाही, वजनही काट्यावरचं. पण प्रश्न थांबत नाहीत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. यापुढं दुकानात युरियाच मागा.

आधी सोपं तेवढं. फोटोत गडबड केली आहे का हे पाहायचं तर माणसाकडे बघू नका, त्याच्या मागं बघा. मोबाइलवर पोट आत दाबलं की मागची दाराची चौकट, फरशीची रेघ, स्विचबोर्डाची कड वाकते. मग उजेड बघा. आधीचा फोटो समोरच्या ट्यूबलाइटमध्ये काढतात, नंतरचा वरून किंवा बाजूनं उजेड घेऊन, म्हणजे अंगावरचा प्रत्येक खळगा उठून दिसतो. आधीच्यात खांदे पडलेले, पोट सैल, तोंड सुतकी. नंतरच्यात छाती पुढं, श्वास आत, दात बाहेर. चड्डीचं इलॅस्टिक एकदा पोटाखाली रुतलेलं, एकदा नीट कमरेवर. अंगाला तेल लावून आधी थोडे जोर मारले की दंडही फुगतात. एवढ्या भांडवलावर दोन्ही फोटो एकाच दुपारी निघू शकतात. आणि पहिल्या आठवड्यात जे दोन-तीन किलो उतरतात त्यात बरंचसं पाणी असतं. शरीर जी साखर ग्लायकोजेन म्हणून साठवतं, तिच्या दर ग्रॅममागं सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भाकर-भात बंद केला की तो साठा संपतो आणि पाणी जातं. जेवायला लागलात की दोन्ही परत.

एवढं सगळं तपासलं तरी माझा फोटो पास होतो. चौकट सरळ आहे. तुमची तपासणी तिथंच संपते, आणि माझा राग तिथून सुरू होतो.

माझ्या दुकानाच्या भिंतीवर दरवर्षी कपाशीच्या बियाण्याचं नवं पोस्टर लागतं. एकच झाड, पानांपेक्षा बोंडं जास्त. ते झाड खोटं नसतं, कोणाच्या तरी वावरात ते उभं होतं. पण ते पाहून तुमच्यापैकी एकानं तरी कधी थैली उचलली? ओलिताचं का कोरडवाहू, हे विचारता. आपल्या खारपाणपट्ट्यात चालेल का, इथं तर विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. फवारण्या किती झाल्या, एकरी किती पिकलं, शेजारच्या झाडांचं काय झालं. वर मागच्या साली ज्यानं लावलं त्याच्या वावरात चक्कर मारून येता. कोचला हे कोणी विचारत नाही. माझ्यासोबत त्या महिन्यात कितीजणांनी पैसे भरले, कितीजणांनी मधेच सोडलं, आणि वर्षभरानं काढलेला तिसरा फोटो कुठं आहे?

आता माझं झाड कसं वाढलं ते सांगतो.

उन्हाळ्यात, लग्नसराई संपली तेव्हा मी ९१ किलोचा होतो. दिवसभर गल्ल्यावर बसणं, दर तासाला चहा. कोचनं दिवसाला ११०० कॅलरी बांधून दिल्या. ज्वारीची भाकर बंद, भात बंद, अंड्याचं पांढरं सुरू. आई म्हणाली, ‘भाकर सोडून मानूस जगते का?’ मी तिला प्रोटीन समजावून सांगितलं. पहाटे डांबरी रस्त्यापर्यंत चालत जायचं, रविवारी चार बाजूंनी चार फोटो पाठवायचे. पहिले दोन महिने उत्तम गेले, हे मी कोणासमोरही सांगीन. वजन उतरत होतं, गुडघे दुखायचे थांबले.

फवारणीच्या गर्दीत खोकला सुरू झाला. कृषी केंद्रात बसणाऱ्याला खोकल्याचं नवल नसतं, कीटकनाशकांचा वास आणि खताची धूळ बारा महिने नाकात. मग सांज झाली की अंगात कणकण. ते मी कोचला कळवलं. त्याचा आवाजी मेसेज आला: ‘फॅट बर्न होतंय भाऊ, बॉडी गरम होणारच. पाणी वाढवा.’ पाणी वाढवलं. वजन आता जास्त वेगानं उतरायला लागलं. तो खूश, मी त्याच्याहून खूश. भूक मेली होती, आणि मी समजत होतो माझा निग्रह वाढला.

आमच्या जिल्ह्याला शरीर कमावणं नवं नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. १९३६ साली ऑलिम्पिक भरलं तेव्हा तिथलं पथक बर्लिनला जाऊन आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. मी तसल्या आखाड्यात गेलो असतो तर लंगोट चढवण्याआधीच वस्तादानं ‘खोकतं कोण?’ विचारलं असतं. माझ्या कोचला मी ऐकूच येत नव्हतो. त्याच्याकडे फोटो जायचे, आणि फोटोला खोकला येत नाही.

तो उजवीकडचा फोटो दिवाळीच्या तोंडावरचा. गोदामाच्या मागं, उतरत्या उन्हात. मोबाइल बायकोच्या हातात. ती बटण दाबायला गेली की मला उबळ यायची, फोटो हलायचा. उजेड चालला होता. शेवटी मी श्वास कोंडून धरला, घट्ट. पोट पाठीला लागलं, बरगड्या वर आल्या, गळ्याची हाडं उभी राहिली. तिनं विचारलं, ‘घेऊ?’ मी नुसती मान हलवली. तुम्ही मोबाइलवर जे दाखवता ना, ‘काय कट आले गा भाऊ’, ते कट म्हणजे मी खोकला दाबून उभा आहे. त्यानंतर युरियाच्या थप्पीला धरून असा खोकलो की खाली बसलो. ती म्हणाली, ‘हे काई बराबर नाई दिसून रायलं.’ मी म्हणालो, आधी फोटो पाठव.

फोटो त्याच दिवशी लागला. रात्री घामानं बनियन पिळायची वेळ आली तेव्हा मी अंथरुणात पडून कौतुक वाचत होतो.

बायकोनंच तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, सांजचा ताप, रात्रीचा घाम, भूक मंदावणं, वजन घटणं, ही सगळी यादी तिथल्या भिंतीवर निळ्या रंगात रंगवलेली आहे. मी त्याच भिंतीला टेकून नंबराची वाट पाहत होतो. आत डॉक्टरबाईंनी विचारलं, वजन कमी झालं का? मी मोठ्या अभिमानानं फोटो काढून दाखवला. त्यांनी दोन बोटांनी मोठा केला. मला वाटलं पोट बघतायत. त्या गळ्याची हाडं बघत होत्या.

‘खोकला कधीपासून?’
‘औषधांच्या वासानं होते, मॅडम.’
‘संध्याकाळी ताप?’
‘फॅट बर्न होते ना, म्हणून.’

त्या हसल्या नाहीत. बेडका सीबीनॅट नावाच्या मशीनवर तपासायला गेला, छातीचा एक्स-रे झाला. टीबी.

सहा महिने गोळ्या. पहिले दोन महिने चार औषधं, पुढं चार महिने तीन. सगळं फुकट, वर पोषणाचे महिन्याला ५०० रुपये. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. लघवी नारिंगी झाली तेव्हा मी घाबरलो, ते औषधानंच होतं. डोस वजनावर ठरतो, त्यामुळं तिथंही काटा होताच. आकडा वर सरकला की आशाताई म्हणायच्या, ‘वाढलं, मस्त!’ कोचच्या ग्रुपवर त्याच आकड्याला बोलणी बसली असती.

आता ज्याचा तुम्हाला राग येईल ते. हे मी तेव्हा का सांगितलं नाही? बहिणीचं जमत होतं. घरच्या सगळ्यांची तपासणी झाली, कोणाला काही निघालं नाही. औषध नीट सुरू राहिलं तर काही आठवड्यांत बहुतेकांचा टीबी पसरायचा थांबतो, हेही मला समजावलं होतं. पण मुलाकडच्यांना हे मी कोणत्या तोंडानं समजावणार होतो? गावाला मी वाळलेला दिसत होतोच. का वाळलो, हे त्या फोटोनं परस्पर सांगून टाकलं होतं. फोटो काढून टाक, असं मी कोचला म्हणालो नाही, कारण फोटो माझ्या कामाचा होता. लबाडी म्हणायची तर म्हणा. बहीण सुखात आहे. उद्या तीच वेळ आली तर तेच करीन.

तेव्हाचा मी अजून ठामपणे सांगतो: आपण कोणाला बोलावलं नव्हतं. आताचा मी त्याला म्हणतो, पण ‘खरा आहे’ म्हणालास ना? त्यावर तो गप्प बसत नाही. विचारणाऱ्यानं टीबी विचारला होता का, असं उलट मलाच सुनावतो. दरम्यान गावातल्या दोन पोरांनी माझ्या भरवशावर फी भरली. एकाचं थोडं उतरलं, थोडं परत आलं. दुसरा पोलीस भरतीवाला. त्याला वाळायचं नव्हतंच, त्याला छाती ७९ सेंटीमीटर आणि फुगवून पाच जास्त भरायची होती, आणि १६०० मीटर पळायचं होतं. ११०० कॅलरीवर तो काय पळणार. तो अजून माझ्याकडून खत नेत नाही.

बहिणीचं लग्न झालं आणि माझ्या गोळ्या संपल्या, तेव्हा कोचला फोन केला. टीबी झाला होता हे सांगितलं. तो काही वाईट बोलला नाही. म्हणाला, ‘दादा, फोटो तुम्हीच पाठवला. वजन खरं आहे. आजार नंतर निघाला.’ मी उत्तर शोधत राहिलो, त्यानं फोन ठेवला.

लोक सांगतात तक्रार कर. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होतो, ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरावर फोनही लागतो. पण लिहू काय? त्या जाहिरातीतला एकेक शब्द वाचा. माणूस खरा, महिने खरे, किलो खरे.

आणि किलोंचा हिशेब मलाच लागत नाही. पहिल्या दोन महिन्यांतले आठ-नऊ किलो मी कोचच्या खात्यावर लिहितो. पुढचे कोणाचे? आजार कोणत्या दिवशी सुरू झाला हे डॉक्टरबाईंनाही सांगता आलं नाही. टीबीचे जंतू आपल्यातल्या कितीतरी जणांच्या अंगात झोपलेले असतात आणि पोटाला कमी पडलं की त्यांना उठायला सोपं जातं, हे त्यांनी सांगितलं. मग माझे त्या ११०० कॅलरींनीच उठवले का? ‘एकट्या माणसाबद्दल असं सांगता येत नाही,’ म्हणाल्या. म्हणजे पहिले आठ-नऊसुद्धा नेमके कोणाचे, देव जाणे.

सध्या मी ८४. भाकर सुरू आहे. पहाटे अजून डांबरी रस्त्यापर्यंत जातो, ती सवय त्याच माणसानं लावली. फी परत मागायची का यावर घरात दोन मतं आहेत. बायको म्हणते पुरी मागा. मी म्हणतो, पहिल्या दोन महिन्यांची त्याची.