बाबांच्या वहीतली 'रॉकेलची रांग'

२०२४ च्या गणपतीत आमच्या फ्लॅट स्कीममध्ये बाबांचं 'रॉकेलची रांग' हे प्रहसन पुन्हा झालं. आधीचा प्रयोग १९८३ चा, नागपुरातल्या अजनीच्या रेल्वे क्वार्टर्समधल्या मांडवात. तो मी पाहिलेला नाही. नुकतीच बँकेत लागले होते, पहिलंच पोस्टिंग चंद्रपूरला आणि रजा मिळाली नाही. पण एका काकांनी प्रयोग टेपवर घेतला होता. दिवाळीला घरी आले तेव्हा ती कॅसेट एकदा, एकदाच, ऐकली. त्यातलं एक वाक्यही मला धड आठवत नव्हतं. शेवटी उठलेला हशा मात्र पक्का आठवत होता. इतका मोठा की टेपरेकॉर्डरचा आवाज फाटला होता.

डिसेंबरात मावसबहिणीचं लग्न अमरावतीला झालं आणि त्याच कॅसेटवर मंगलाष्टकं टेप झाली. आईनेच दिली होती कॅसेट. घरात तीनच कॅसेटी होत्या, नवी घ्यायला पैसे लागत आणि नाटक काय, पुढच्या गणपतीत दुसरं होणारच होतं. मी तिला तेव्हाही काही बोलले नाही आणि आजही तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

हे सगळं मनात पुन्हा वर आलं ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये. लेकीच्या बाळंतपणासाठी मी इंग्लंडला होते. निवृत्त होऊन काहीच महिने झाले होते. शनिवारी संध्याकाळी बाळ झोपलं की जावई 'डॅड्स आर्मी'चे जुने भाग लावायचे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रकाठच्या एका लहानशा गावात म्हातारे, कच्चे आणि सैन्यात न घेतलेले लोक मिळून पलटण उभी करतात, त्यांची गोष्ट. मी लगेच जवळ बसले, कारण त्या पलटणीचा कॅप्टन मेनवेरिंग हा बँक मॅनेजर आहे! त्याचा सार्जंट विल्सन म्हणजे त्याच्याच शाखेतला हेडक्लार्क आणि पाइक तिथलाच पोरगेला कारकून. आर्थर लो हा नट मेनवेरिंग करतो. कुणी त्याच्या मनाविरुद्ध बोललं की तो आधी गप्प होतो, चष्म्यातून बघतो आणि मग उत्तर देतो. अशा मॅनेजरांच्या हाताखाली मी वर्षं काढली आहेत. त्या गप्प होण्यात काय काय असतं ते मला ठाऊक आहे.

१९६८ ते १९७७ या काळात मालिकेचे ८० भाग झाले आणि त्यातल्या तिघांचं चित्रण आज जगात कुठेच नाही. तिन्ही १९६९ मधल्या, मालिकेच्या दुसऱ्या पर्वातले. बीबीसीने टेपा पुसल्या. कारणं ऐकताना मला आमच्या घरातल्या तीन कॅसेटी दिसत होत्या. व्हिडिओ टेप फार महाग होती, पुसून पुन्हा वापरता येत असे. नटांच्या संघटनेबरोबरच्या करारामुळे एखादा भाग किती वेळा दाखवायचा यावर मर्यादा होती, त्यामुळे जपून ठेवून करायचं काय, असा प्रश्न होता. घरी व्हिडिओ बघायची सोय लोकांकडे नव्हती. आणि रंगीत टीव्ही आल्यावर काळं-पांढरं कोण बघणार? दुष्टाव्याने कुणीच काही केलं नाही. १९७८ च्या सुमारास जपणुकीचं धोरण बदललं, तोवर बरंच गेलं होतं. २००१ साली याच मालिकेतले दोन हरवलेले भाग फिल्मच्या डब्यांत सापडले. त्या दोघांचं नशीब. तिघांचं नाही.

पण तिन्हींच्या संहिता कागदावर होत्या. जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांनी लिहिलेल्या. म्हणून 'गोल्ड' वाहिनीने ते भाग नवे नट घेऊन पुन्हा उभे केले आणि नेमके त्याच ऑगस्टच्या अखेरीस दाखवले. केविन मॅकनॅली मेनवेरिंग, रॉबर्ट बॅथर्स्ट विल्सन. हाच मॅकनॅली आधी टोनी हॅनकॉक हा जुना ब्रिटिश विनोदी नट झाला होता, रेडिओवर हॅनकॉकच्या हरवलेल्या भागांमध्ये आणि नंतर २०१६ साली बीबीसीने अशाच जुन्या विनोदी मालिकांचे भाग नव्याने केले तेव्हा टीव्हीवरही. दुसऱ्याच्या रिकाम्या खुर्चीत बसण्याचं काम या माणसाने पुन्हा पुन्हा केलं आहे आणि मला त्याच्याबद्दल फार आदर वाटतो.

त्या तिघांतला एक भाग वॉकरचा. वॉकर हा काळाबाजारवाला. त्याला खऱ्या सैन्यात भरती व्हायचं बोलावणं येतं आणि अख्खी पलटण त्याला वाचवायला धावते, कारण तोच सगळ्यांना चोरून माल पुरवतो. मुळात वॉकर करणारा जेम्स बेक १९७३ साली, मालिका चालू असतानाच गेला. म्हणजे जो भाग त्याच्याभोवतीच फिरत होता, तोच पुसला गेलेला. नवा नट त्या जागी कितीही चांगला असो, बेकने ते वाक्य कसं म्हटलं असेल, हे आता कुणालाच कळायचं नाही. जावई म्हणाले, मग करायचंच कशाला? नक्कल ती नक्कल.

मला ते पटलं नाही. हरवलेला भाग परत येत नाही, कबूल. पण लिहिणाऱ्याने एक गोष्ट लिहिली होती आणि ती चार लोकांनी ऐकावी म्हणूनच लिहिली होती. ती संहिता कपाटात बिनबोलती पडून राहण्यापेक्षा कुणाच्या तरी तोंडी गेलेली बरी. आम्हा नागपूरकरांना तर हे जास्त कळायला हवं. सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे 'चिमणराव-गुंड्याभाऊ' करत होते, तेव्हा ते चित्र आमच्यापर्यंत पोचतच नव्हतं. आम्ही फक्त वाचायचो की मुंबई-पुण्यात लोक त्या वेळेला घराबाहेर पडत नाहीत. आज त्यातले मोजकेच भाग बघायला मिळतात. चिं. वि. जोशींच्या कथा आहेत, पुस्तकं आहेत. उद्या कुणी नव्या पोरांना घेऊन चिमणराव-गुंड्याभाऊ मनापासून उभे केले, तर मी पहिल्या रांगेत बसेन. आमच्यासाठी तो पहिलाच प्रयोग असेल.

परत आले आणि आईच्या ट्रंकेतून बाबांची वही काढली. जमाखर्चाची लांबुडकी वही, मागच्या बाजूने नाटकं लिहिलेली. बाबा १९९८ ला गेले. मधे करोना आला, म्हणून हे सगळं घडायला २०२४ उजाडलं.

प्रहसन साधं आहे. रेशन दुकानासमोर रांग. बडे बाबू शुद्ध, पुस्तकी मराठीत बोलतात आणि 'रॉकेल' म्हणतात. त्यांच्या पुढे उभा असलेला हमाल 'मातीचं तेल' म्हणतो. सगळी वादावादी रांगेतल्या एका जागेवरून. बाबा स्वतः बडे बाबू करायचे. या वेळी ते काम दादाच्या मुलाला दिलं. तो मिहानमध्ये नोकरी करतो, रॉकेलची कॅन त्याने जन्मात हातात धरलेली नाही. इतवारीत हिंडून पत्र्याची कॅन आणि नरसाळं मिळवलं. रेशनकार्डावर रॉकेल लिटरच्या मापाने मिळायचं, पिंप संपलं की संपलं, हे सगळं पोरांना समजावून सांगावं लागलं.

पहिल्या तालमीला तो बाबांसारखं करायला गेला, घरच्या लोकांकडून ऐकून ऐकून. मी त्याला थांबवलं. म्हटलं, आजोबांची नक्कल नको, वहीत जे लिहिलंय ते कर. वहीत एके ठिकाणी कंसात आहे : थांबतात, चष्मा पुसतात, हमालाकडे बघतात. तेवढं मात्र घाई न करता कर. प्रयोगात त्याने तो चष्मा इतका सावकाश पुसला की पुसता पुसताच लोक हसायला लागले. मला मेनवेरिंग आठवला.

आई पुढे प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. ८४ वर्षांची. दुकानाचं दार बंद होतं, रांग मोडते, बडे बाबू एकटे उभे राहतात, हमाल विचारतो, "काऊन जी, घरी नाही जात?" वहीत नाटक इथेच संपतं. आम्हीही इथेच संपवलं. टाळ्या सुरू झाल्या आणि आई मोठ्याने म्हणाली, "अरे, शेवटचं राहिलं ना!"

सगळे थांबले. भाचा कॅन हातात धरून तिच्याकडे बघत होता. आई बसल्या जागेवरून म्हणाली, "हे म्हणत होते ना, 'गेलो तं लंबर जाते ना बे!'"

नाटकभर शुद्ध बोलणारे बडे बाबू शेवटच्या वाक्याला वऱ्हाडीवर येत होते. लिहिलेलं नव्हतंच ते, बाबांनी मांडवात उभ्या उभ्या घातलेलं. भाच्याने पाऊल पुढे टाकलं, कॅन छातीशी धरली आणि वाक्य म्हटलं. मग जो हशा उठला, तो मी कॅसेटवर ऐकलेलाच होता.

रात्री आईला विचारून ते वाक्य वहीत पेन्सिलीने लिहिलं. बाजूला "आईने सांगितलेलं, सप्टेंबर २०२४" असंही. प्रयोगाचं शूटिंग चार फोनमध्ये आणि दोन लॅपटॉपवर ठेवलंय.

वहीत आणखी एक प्रहसन आहे, 'बदलीचा हुकूम'. त्याची मधली दोन पानं फाटलेली आहेत. आई म्हणते, त्यात पोस्टमनचं काम करणारे गृहस्थ आता मनीषनगरला राहतात. येत्या रविवारी मी आणि भाचा त्यांच्याकडे जाणार आहोत.