काच अडकली? पॅनेल उघडण्याआधी कान लावा

पॉवर विंडो बंद पडली की पहिला आळ मोटरवर येतो आणि लोक थेट नवी मोटर आणायला निघतात. जुन्या गाडीत मात्र स्विच, वायर किंवा काचेच्या खाचेतलं सुकलेलं रबर यांचा हात असण्याची शक्यता तितकीच असते. म्हणून आधी बिघाड ओळखा. त्याला पाना लागत नाही.

चारही काचा एकदम बंद असतील तर फ्यूज, रिले (मोठा करंट चालू-बंद करणारा विजेवर चालणारा स्विच) आणि ड्रायव्हरच्या दारावरचं विंडो लॉकचं बटण बघा (हे बटण चुकून दाबलं गेलेलं असतं, हसू नका). फ्यूज साधारण 20 ते 30 अँपिअरचा असतो. तो उडाला म्हणून त्याहून मोठा घालू नका, वायर जळेल.

एकच काच बंद असेल तर इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा, आतला दिवा लावा आणि बटण दाबा. दिवा किंचित मंद झाला पण काच हलली नाही, तर मोटरला करंट पोचतोय, फक्त काहीतरी जाम झालंय. दिवा ढिम्म राहिला तर करंट कुठेतरी तुटलाय. मोटर घरघरते पण काच जागची हलत नाही, म्हणजे रेग्युलेटरची (मोटरच्या जोरावर काच वरखाली करणाऱ्या यंत्रणेची) केबल तुटली, प्लास्टिकची क्लिप गेली किंवा दाते झिजले. बटण दाबून ठेवून दाराच्या आतल्या बाजूला मुठीने ठोकल्यावर काच हलली, तर मात्र मोटरचे कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे, घासून झिजणारे तुकडे) संपत आलेत.

बऱ्याच जुन्या गाड्यांत मोटरला दोनच वायर असतात. बटण सोडलेलं असताना दोन्ही अर्थला (बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूला) जोडलेल्या राहतात. वर दाबलं की एकीला 12 व्होल्ट मिळतात, खाली दाबलं की दुसरीला. त्यामुळे मोटर एका दिशेला नीट चालते आणि दुसऱ्या दिशेला पूर्ण गप्प बसते, तेव्हा संशय मोटरवर नको, स्विचवर घ्या. शिवाय इतर दारांच्या मोटरची अर्थ बहुतेकदा ड्रायव्हरच्या मुख्य स्विचमधून जाते, म्हणून मागच्या दाराचा बिघाड पुढच्या दारात सापडतो. स्विच खोलला की तांब्याच्या संपर्कांवर काळा थर दिसतो. बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. आतल्या छोट्या स्प्रिंग उडून जातात, त्यामुळे ट्रेमध्येच खोला.

मल्टिमीटर इथे फसवतो. दार आणि ते ज्यावर बसतं तो गाडीचा खांब यांच्यामधल्या रबरी नळीत वायरी वर्षानुवर्षं दुमडून तुटतात. वायरमधली एखादीच बारीक तार शिल्लक असली तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो, पण मोटर चालवायला ती पुरत नाही. मीटरऐवजी 21 वॉटचा इंडिकेटरचा बल्ब मोटरच्या कनेक्टरला जोडून बटण दाबा. बल्ब मिणमिणला तर रबरी नळी सरकवून वायरी एकेक हलक्या ताणून बघा. तुटलेली वायर वेष्टनासकट रबरासारखी ताणली जाते. नुसतं पिळून टेप लावलेला जोड तिथे टिकत नाही. दोन्ही बाजूंनी लांब घेऊन नवी मऊ वायर सोल्डर करा, आणि जोड वाकणाऱ्या जागेवर येऊ देऊ नका.

पॅनेल काढायला हँडलच्या वाटीतले आणि आर्मरेस्टखालचे स्क्रू शोधा. ते प्लास्टिकच्या टोपणाखाली लपलेले असतात. मग कडेच्या क्लिपा प्लास्टिकच्या पट्टीने सोडवा आणि पॅनेल वर उचलून काढा. ओढाताण केली तर क्लिपा तुटणारच, चार-पाच जास्तीच्या आणून ठेवा. दारात एअरबॅग असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून काही मिनिटं थांबा.

रेग्युलेटरला हात लावण्यापूर्वी काच पूर्ण वर घेऊन रुंद टेपच्या दोन पट्ट्या चौकटीवरून दोन्ही बाजूंना चिकटवा. कात्रीसारख्या रेग्युलेटरला काचेचं वजन तोलणारी ताकदवान स्प्रिंग असते. दातेरी पट्टी बोल्टने किंवा क्लॅम्पने जखडल्याशिवाय मोटर सोडवू नका. नाहीतर रेग्युलेटरचा दांडा झटक्यात फिरतो आणि बोटं सापडतात. हे एवढं मात्र हलक्यात घेऊ नका. रिव्हेट असतील तर ड्रिलने काढून त्या जागी एम 6 चे बोल्ट आणि लॉक नट चालतात.

रेग्युलेटर निघालेलाच आहे, तर काच हाताने वरखाली करून बघा. तेव्हाही जड जात असेल तर खाचेतलं रबर पुसून कोरडं करा आणि सिलिकॉन स्प्रे मारा. तिथे तेल किंवा ग्रीस नको, रबर फुगतं आणि धूळ धरून ठेवतं. पांढरं लिथियम ग्रीस लोखंडी पट्ट्यांना आणि केबलला.

परत बसवताना बोल्ट सैल ठेवा, काच पूर्ण वर न्या आणि मगच आवळा, नाहीतर ती तिरकी चालते. चाचणी घेताना बटण सारखं दाबत राहिलात तर मोटरमधला तापमानाचा कटआउट तिला बंद करतो. काही मिनिटांनी ती आपोआप चालू होते. बटण एकदा दाबून सोडलं की आपोआप पूर्ण वर जाणारी काच असेल तर पूर्ण वर गेल्यावर बटण काही सेकंद दाबून ठेवा. बऱ्याच गाड्यांत तेवढ्याने आपोआप वर जाण्याचं सेटिंग परत लागतं. आणि पॅनेलमागचा प्लास्टिकचा कागद फाडून टाकू नका. तो ब्युटाइल टेपने (चिकट रबरी टेपने) पुन्हा नीट चिकटवला नाही तर काचेवरून उतरणारं पावसाचं पाणी दाराखालच्या भोकांतून बाहेर न जाता थेट गाडीतल्या कार्पेटवर येतं.