शाळेतली प्रार्थना आणि लेस्टरची ह्युमॅनिस्ट मंडळी

लेकीला इथे इंग्लंडमध्ये, लेस्टरला, शाळेत घातलं तेव्हा मी फक्त अंतर बघितलं होतं, घरापासून चालत सात मिनिटं. शाळा चर्चची आहे हे माहीत होतं, पण इंग्लंडमधल्या सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांपैकी जवळपास एक तृतीयांश कुठल्या ना कुठल्या धर्माशी जोडलेल्या आहेत, त्यामुळे त्यात काही वेगळं वाटलं नाही. मग एका रात्री झोपायच्या आधी ती म्हणाली, आई, आपण जेवायच्या आधी जीझसला थँक्यू का नाही म्हणत, आपण वाईट आहोत का? शाळेत तिला कुणी तसं म्हटलं नव्हतं, मी चार वेळा विचारलं. सगळे हात जोडतात आणि आपल्या घरी कुणी तसं करत नाही एवढ्यावरून तिने स्वतःच ते काढलं होतं, आणि मला ते जास्त लागलं.

शाळेच्या ऑफिसात विचारायला गेले तर तिथल्या बाई खूप चांगल्या बोलल्या. प्रार्थना कायद्याने आहे म्हणाल्या. खरंच आहे, 1944 च्या शिक्षण कायद्यापासून सरकारी पैशावरच्या शाळांत रोज सामूहिक उपासना व्हायलाच हवी असा नियम आहे, चर्चच्या नसलेल्या शाळांतसुद्धा. आईवडिलांनी सांगितलं तर मुलाला त्यातून काढता येतं. पण काढलं की ती वीस मिनिटं लायब्ररीत एकटी चित्र रंगवत बसणार, आणि सात वर्षांच्या मुलीसाठी ती शिक्षाच झाली की हो.

शेजारच्या एका आईने मला ह्युमॅनिस्ट ग्रुपबद्दल सांगितलं, म्हणजे देव-धर्म न मानता माणुसकीने जगू म्हणणारे लोक. महिन्यातून एकदा कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये भेटतात, पंधरावीस जण, बहुतेक साठीच्या पुढचे. खरं सांगते, मी घाबरत गेले होते. माझ्या घरी दीड दिवसाचा गणपती बसतो, सासूबाई इथे आल्या की रोज देवपूजा होते, आणि ही नास्तिक मंडळी मला तिथे बसवून शहाणपण शिकवतील असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. एका रिटायर्ड शिक्षिका आजींनी चहा दिला आणि म्हणाल्या, तुझ्या घरातला देव हा तुझा प्रश्न, आम्ही फक्त सरकारच्या घरातल्या देवाबद्दल बोलतो.

म्हणजे काय तर, इथल्या वरच्या सभागृहात, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, चर्च ऑफ इंग्लंडचे 26 बिशप फक्त बिशप आहेत म्हणून बसतात आणि कायद्यांवर मत देतात. राजा हा चर्चचा प्रमुख. आणि 2021 च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या 37.2 टक्के लोकांनी आपला कुठलाच धर्म नाही असं लिहिलंय. आमच्या लेस्टरमध्ये तर ख्रिश्चन 24.7 टक्के, मुस्लिम 23.5, धर्म नाही म्हणणारे 23, हिंदू 17.9, म्हणजे कुणाचंच बहुमत नाही, मग प्रार्थना कुणाची म्हणायची हो? ग्रुपचं म्हणणं असं की शाळेत मुलांना सगळे धर्म शिकवा, नीट शिकवा, धर्म न मानणारे लोक कसा विचार करतात तेही शिकवा, पण करायला लावू नका. शिकणं वेगळं आणि हात जोडायला लावणं वेगळं. मला हे पटायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

सगळं एकमताने चालतं असं अजिबात नाही. बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीला जी रोषणाई होते तिच्यावर कौन्सिलने पैसे घालावेत का यावरून त्या दिवशी जोरात वाद झाला, एक गृहस्थ म्हणाले ख्रिसमसवरही नको आणि दिवाळीवरही नको, तर दुसरे म्हणाले अहो सण आहे तो, आख्खं गाव येतं बघायला, त्याला उपासना कसं म्हणता. मी दुसऱ्यांच्या बाजूने बोलले. त्या दिव्यांखाली माझ्या लेकीला कुणी डोळे मिटायला लावत नाही.

पुढच्या महिन्यात त्या आजी मला हम्बरस्टोन गेटवरचा सेक्युलर हॉल दाखवायला घेऊन गेल्या. 1881 साली बांधलेली लाल विटांची इमारत, मी तिच्यासमोरून शंभर वेळा गेले असेन, कधी मान वर केली नव्हती. समोरच्या भिंतीवर पाच अर्धपुतळे आहेत, सॉक्रेटिस, व्होल्टेअर, थॉमस पेन, रॉबर्ट ओवेन आणि चक्क येशू. तोही माणसांना शिकवणारा एक माणूस म्हणून तिथे बसवलाय, आणि तेव्हा त्यावरून गावात बरीच बोंब झाली होती म्हणे. सेक्युलॅरिझम हा शब्द ज्यांनी 1851 मध्ये रूढ केला ते जॉर्ज जेकब होलिओक, त्यांना 1842 साली देवाबद्दल भर सभेत बोलले म्हणून सहा महिने तुरुंगात टाकलं होतं. आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात धर्मनिरपेक्ष हा शब्द पाठ केला, त्याच्यामागे कुणाचा तरी तुरुंग आहे हे मला चाळिशीत, लेस्टरच्या फुटपाथवर उभं राहून कळलं.

आजींनी विचारलं, तुमच्याकडे कसं आहे? मी अभिमानाने सांगितलं की आमच्या घटनेच्या कलम 28 प्रमाणे पूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि भटजीशिवाय लग्नं लावली (इथे इंग्लंडमध्ये ह्युमॅनिस्ट पद्धतीच्या लग्नाला अजून कायद्याची मान्यता नाही, स्कॉटलंडमध्ये आहे), दाभोलकरांबद्दल सांगितलं, 2013 मध्ये पुण्यात सकाळी फिरायला गेलेल्या त्या माणसाला गोळ्या घातल्या हे सांगताना माझा आवाज कापला. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, आणि तुझ्या स्वतःच्या शाळेत प्रार्थना नव्हती?

होती ना. आमच्या सोलापूरकडच्या झेडपीच्या शाळेत दसऱ्याला पाटीपूजन असायचं, एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, हळद-कुंकू वाहायचं, आरती व्हायची. मला ते इतकं आवडायचं की त्यात कुणाला काही वाटत असेल हा विचार मला पंचवीस वर्षांत शिवला नव्हता. माझ्या बाकावरची मैत्रीण मुसलमान होती. वर्गात सगळ्यात सुंदर सरस्वती तीच काढायची, आम्ही आपापल्या पाट्या तिच्याकडे द्यायचो.

शाळेशी माझं बोलणं अजून चालू आहे. लेकीला गाण्यांना बसायचंय, फक्त प्रार्थनेच्या वेळी हात जोडायचे की नाही हे तिचं तिला ठरवू द्या आणि न जोडणाऱ्या मुलांकडे कुणी वळून बघू नका, एवढंच मी लिहून दिलंय. ग्रुपमधल्या दोघांनी पत्र नीट करायला मदत केली. घरी गणपती यंदाही बसणार आहे, आजींना आरतीला बोलावलंय, त्या येते म्हणाल्यात, टाळ्या वाजवणार नाही पण मोदक खाईन म्हणाल्या.

गेल्या रविवारी त्या मैत्रिणीला फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, पाटीपूजनाला आरती सुरू झाली की तू कुठे असायचीस गं, मला आठवतच नाहीये. ती म्हणाली, टाकीपाशी, पाणी प्यायला. आरती संपेपर्यंत पाणी पीत राहायचे.