आठवडा अकरावा: बकल लागलेलं, आणि बबडी बाहेर

माझ्या मांजरीला, बबडीला, दोरी लावून बाहेर फिरायला शिकवण्याचा हा अकरावा आठवडा. रविवारी सकाळी सहा वाजता माझ्या हातात दोरी होती, दोरीला हार्नेस (गळ्या-छातीभोवती बसणारा पट्टा) होता, हार्नेसची दोन्ही बकलं लागलेली होती आणि आत बबडी नव्हती. ती शेजारच्या बंगल्याच्या टिनाच्या शेडवर होती. शेपटी फुलवून, कान मागे टाकून बसलेली.

कचऱ्याची गाडी भोंगा वाजवत अचानक आमच्या गल्लीत वळली, एवढंच निमित्त. हाका मारल्या की ती आणखी वर सरकत होती, म्हणून हाका बंद केल्या. सुकटीचा स्टीलचा डबा आणला, झाकणावर बोटाने टक-टक करत शेडखाली बसून राहिले. चाळीस मिनिटांनी ती स्वतःच उतरली. त्या चाळीस मिनिटांत समोरच्या कोपऱ्यावरच्या दोन कुत्र्यांपैकी एकही उठलं नाही, हे नशीब.

मागच्या वेळी मोठ्या आनंदाने लिहिलं होतं की गेटपासून कडुनिंबापर्यंत चौदा पावलं झाली. ती पावलं खरीच होती. जूनमध्ये कूलरसमोरच्या चटईवर नुसतं हार्नेस अंगावर ठेवलं तरी आडवी पडणारी मांजर ऑगस्टमध्ये शेपटी उभी करून चालते, याचा आनंद रविवारनेही कमी झालेला नाही. पण हार्नेस सुटतं म्हटल्यावर पावलं मोजण्यात अर्थ नाही. म्हणून आठवडाभर बाहेर जाणं बंद आणि एकच प्रश्न: ती सुटली कशी?

बेडरूमचं दार-खिडक्या लावून घेतल्या, तेच हार्नेस तसंच घातलं आणि भाच्याला मोबाइलवर स्लो-मोशनमध्ये व्हिडिओ काढायला बसवलं. मी समोर उभी राहून दोरी अगदी हलकी ताणली. बबडीने मान खाली घातली, मागचे पाय रोवले आणि मागे रेटा दिला. व्हिडिओ आम्ही दहा-बारा वेळा पाहिला. आधी डावं कोपर आत वळतं, छातीचा पट्टा त्याच्यावरून पुढे सरकतो, दोन्ही पुढचे पाय डोक्याच्या रेषेत सरळ होतात आणि गळ्याचा फास कानांवरून निघून जातो. सगळं मिळून दीड सेकंद. मांजराचं कॉलरबोन अगदी लहान असतं, आपल्यासारखं खांद्याला हाडाने जोडलेलं नसतं, नुसतं स्नायूंत असतं. त्यामुळे खांदे हवे तसे मिटतात. वाचून माहीत होतं. पट्ट्यातून खांदा मिटताना पहिल्यांदाच पाहिला.

मग टेप घेतला. ती उभी असताना कोपरांमागे छातीचा घेर ३४ सेंटीमीटर. हेच माप मी जूनमध्ये घेतलं होतं. दबकून मागे रेटताना त्याच जागी ३१.५. म्हणजे दोन बोटं जातील इतकं सैल ठेवलेलं हार्नेस घाबरलेल्या मांजरीला चार बोटं सैल होतं! गळ्याचं त्याहून वाईट: मान २१, फास २४.५, आणि कान दाबून गालांवरून मोजलं तर डोकं २५. अर्ध्या सेंटीमीटरच्या भरवशावर मी तिला रस्त्यालगत नेत होते. हा आकडा पाहिल्यावर रात्री मला नीट झोप लागली नाही.

तुम्ही हार्नेसचं माप घेताना मांजर उभी असतानाचं घेतलं असेल, तर आज एकदा दबकलेल्या अवस्थेतलंही घ्या. आणि डोकं मोजा. ते कुणीच मोजत नाही.

तयार हार्नेसबद्दल माझं मत आता पक्कं झालं आहे. 'मांजरांसाठी' म्हणून जे विकतात त्यातलं बरंचसं लहान कुत्र्यांचंच असतं, नुसता छाप मांजरीचा. आठाच्या आकड्याचं तर नकोच, त्यात गळ्याचा आणि छातीचा फास पोटाकडून जोडलेला नसतो. जॅकेटवालं बरं, पण व्हेल्क्रोचा तो चर्र आवाज बबडीला सहन होत नाही. काढताना रोज ती दचकायची आणि मी महिनाभर दोष हार्नेसच्या वजनाला देत होते. आपोआप गुंडाळणारी दोरी तर कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. हातातून सुटली की ते प्लॅस्टिकचं हँडल खडखडत मांजरीच्या मागे धावतं, आणि ती जितकी पळेल तितकं ते तिच्या मागे. साधी सपाट, पाच फुटी, हलकी दोरी पुरते. दुकानातला क्लिकरही (नीट वागली की टिक वाजवून खाऊ द्यायचं ते खटकं) मी ड्रॉवरमध्ये टाकला आहे. बॉलपेनची टिक-टिक तिला चालते.

बुधवारी इथे नागपुरात बर्डीवर बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले. जुनं हार्नेस, व्हिडिओ आणि कागदावरची मापं दाखवली. त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि म्हणाले, "ताई, हे पोटाखालची पट्टी लांब होऊन राहिली. म्हणून छातीचा पट्टा फिरून राहिला." आणि खरंच! मी वरच्या पाठीच्या पट्टीकडे पाहत होते, ढिलाई खाली होती. त्यांनी खालची पट्टी दोन सेंटीमीटरने कमी केली, गळ्याला सरकणारं बकल काढून पक्की शिवण घातली आणि व्हेल्क्रोच्या जागी छोटं चाप बकल लावलं. आता गळ्याचा घेर २२.५. एक बोट सहज जातं, दुसरं अडतं. घातल्यावर दहा मिनिटं तिला खेळू दिलं, श्वास आणि गिळणं पाहिलं, काखेत घासतं का ते पाहिलं. सगळं ठीक.

गुरुवारी त्याच बेडरूममध्ये तीन वेळा मागे रेटण्याची चाचणी. तिन्ही वेळा पट्टा कोपरामागे थांबला. तिसऱ्या वेळी तिने मागे रेटणं सोडलं, खाली बसली आणि पंजा चाटायला लागली. त्या चाटण्यावर मी तिला कलेजीचा अख्खा तुकडा दिला. (नुसती उकडलेली, मीठ-कांदा-लसूण काही नाही. कांदा-लसूण मांजरांना विषारी आहे.)

पण हार्नेस निम्मंच काम करतं, निम्मं माझे हात. व्हिडिओत स्पष्ट दिसतं: ती मागे रेटते ते माझी दोरी पुढे ताणलेली असते म्हणून. दोरी सैल असती तर तिला रेटायला आधारच नव्हता. घाबरल्यावर माझा हात आपोआप ओढतो, ती सवय मोडायची आहे. म्हणून दोरी भरलेल्या दप्तराला बांधून मी हॉलमध्ये फिरते आणि भाचा मनात येईल तेव्हा ताट वाजवतो. ताट वाजलं की ओढायचं नाही. एक पाऊल तिच्याकडे टाकायचं, खाली बसायचं, दोरी ढिली. काल वीसपैकी सोळा वेळा जमलं.

चौकीदार काका रोज विचारतात, "मांजरीले कायले पट्टा लावता ताई, ते का कुत्रं हाय?" त्यांना मी सांगितलं की मागच्या वर्षी आमची आधीची मांजर याच गेटबाहेर गाडीखाली गेली. तेव्हापासून ते गाडी आली की मला हात करून थांबवतात.

सप्टेंबरअखेर तेलंगखेडीच्या बागेत न्यायचा बेत होता, तो रद्द. आता गणपतीपर्यंत संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव असणार, तेव्हा फक्त पहाट आणि फक्त गच्ची. तिथेही तिला पिशवीतून न्यायचं, उंबरठा तिने स्वतःच्या पायांनी ओलांडायचा नाही, नाहीतर दार उघडलं की निसटायची सवय लागते. पावसात गोचिड्या वाढल्यात, त्यासाठी डॉक्टरांनी दिलेला, अंगावर टाकायचा मांजरांचाच थेंब. एका ओळखीच्यांनी कुत्र्याचा उरलेला देऊ केला होता. त्यात पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजर दगावू शकते, म्हणून परत केला.

आणि हे लिहितानाच सुचलं: फासळ्या संपतात तिथे, कमरेला, एक तिसरा पट्टा. पळपुट्या कुत्र्यांच्या हार्नेसला असतो तसा. पहिले दोन सरकले तरी तो अडेल. काकांना लगेच फोन केला. "बुधवारी या," म्हणाले, "आणि मांजर घेऊन या, माप अंगावरच घेतो."