तुम्ही विचारलंत म्हणून: जुना लोखंडी कूलर मोबाइलवर चालेल का?

ऊन तापायला लागलं की लातूर, बीड, परभणीकडून हा प्रश्न हमखास येतो. उत्तर: चालेल. पण नुसता पंखा पलंगावरून चालू-बंद करायचा असेल, तर एवढा खटाटोप करू नका. कूलरला शहाणं करायचं ते पाण्यासाठी. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात पंप कधी थांबवायचा हे कूलरला कळलंच पाहिजे.

सगळ्यात आधी अर्थिंग. ओल्या लोखंडी बॉडीत करंट उतरला तर जीव जातो. बॉडीवरचा रंग-गंज खरवडून अर्थची वायर नट-बोल्टने आवळा, लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवा. घरात अर्थिंगच नसेल तर वायरमनला बोलवा; तोवर पुढचं काम करू नका.

सामान थोडंच लागतं: ईएसपी८२६६ चिपचा नोडएमसीयू बोर्ड (वायफायवाला छोटा कंट्रोलर), १० अँपिअरचं दोन चॅनेलचं रिले मॉड्यूल (रिले म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच), ५ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर, फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून पातळी सांगणारा), आर्द्रता मोजणारा डीएचटी२२ सेन्सर, प्लॅस्टिकचा बंद डबा. बोर्डावर टास्मोटा हे तयार सॉफ्टवेअर टाका. एक रिले पंख्याला, एक पंपाला. तोडायचा तो फेज, न्यूट्रल नव्हे. घरातल्या जुन्या स्विचबोर्डांत हे दोन्ही उलटे असू शकतात, टेस्टर लावूनच बघा. स्पीडचं गोल बटण तसंच राहू द्या. तीन स्पीडला तीन रिले लावाल आणि चुकून दोन एकदम ओढले गेले, तर मोटरची वाइंडिंग जळेल.

आता नोडएमसीयूच्या पिना: रिले डी१, डी२ वर, फ्लोट डी५ वर, डीएचटी२२ डी६ वर. डी३, डी४, डी८ टाळा. बोर्ड सुरू होताना त्या पिना ठरावीक स्थितीत लागतात, नाहीतर तो उठतच नाही.

खरी गंमत फ्लोटची. हा छोटा स्विच पंपाच्या २३० व्होल्टच्या लाइनमध्ये कधीच घालू नका. त्याची वायर फक्त डी५ आणि ग्राउंडला जोडायची. टाकीत तो पंपाच्या जाळीपेक्षा दोन बोटं वर बसवा. पाणी असताना कॉन्टॅक्ट जोडलेला राहील अशी त्याची दिशा ठेवा; म्हणजे वायर तुटली तरी बोर्डाला ‘पाणी नाही’ असंच वाटतं आणि पंप कोरडा फिरून जळत नाही. पाणी हिंदकळतं, म्हणून पंप तोडण्याआधी १० सेकंदांची सवड द्या.

डीएचटी२२ कूलरच्या झोतात लावला तर दमटपणा कायम जास्तच दाखवेल. तो समोरच्या भिंतीवर, माणसाच्या उंचीला हवा. आर्द्रता ७० टक्क्यांवर गेली की पंप बंद, ६० च्या खाली आली की चालू. मधलं अंतर ठेवलं नाही तर रिले सारखा टकटक करत राहतो. पावसाळ्याच्या तोंडावर याने बरंच पाणी वाचतं, आणि खोलीतला चिकचिकाटही कमी होतो.

डबा कूलरच्या आत ठेवू नका. लोखंड वायफाय अडवतं आणि ओलावा बोर्ड खातो. मोटर बंद होताना रिलेत ठिणगी पडून कॉन्टॅक्ट चिकटतात, म्हणून मोटरला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ (थेट लाइनवर चालणारा) कपॅसिटर आणि १०० ओहमचा रेझिस्टर, दोन्ही एकापाठोपाठ जोडून, लावा.

लाइट गेली-आली की रिले बंदच राहावेत यासाठी टास्मोटात ‘पॉवरऑनस्टेट ०’ द्या. आर्द्रतेचे आणि फ्लोटचे नियम बोर्डातच लिहा, इंटरनेटवर सोडू नका. राउटर जागा व्हायला वेळ लागतो. बोअरच्या पाण्याचा क्षार बसून फ्लोट अडकतो, तेव्हा टाकी धुताना तो हाताने खाली दाबून पंप थांबतो का, हे दरवेळी बघा.