अजिंठ्याचा एक दिवस आणि हातातले तीन कागद

मागच्या हिवाळ्यात आम्ही सहा जण, त्यांपैकी दोघे सत्तरीच्या पुढचे, मुंबईहून रात्रीच्या गाडीने छत्रपती संभाजीनगरला उतरून पहिल्या दिवशी वेरूळ आणि दुसऱ्या दिवशी अजिंठा पाहून जळगावमार्गे परतलो. लेण्यांच्या शिल्पांविषयी आणि चित्रांविषयी जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते लेण्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या व्यवस्थेविषयी, कारण अजिंठ्याच्या एका दिवसात प्रवासी नकळत पाच-सहा सरकारी खात्यांच्या हातांतून जातो, आणि एका खात्याचे काम संपून दुसऱ्याचे जिथे सुरू होते, नेमक्या त्या सांध्यावर त्याची सोय तरी होते किंवा गैरसोय तरी.

पहिला सांधा वाराचा. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी बंद न ठेवण्यातला शहाणपणा उघड आहे, पण तो लक्षात ठेवावा लागतो. आम्ही ज्याच्याकडून गाडी ठरवली होती त्याने पाठवलेल्या कार्यक्रमात सोमवारीच अजिंठा लिहिले होते, आणि ही चूक निघण्याच्या दोन दिवस आधी माझ्या बहिणीच्या लक्षात आली नसती, तर शंभर किलोमीटर जाऊन आम्ही बंद दारापुढे उभे राहिलो असतो. सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असा उलटा क्रम लावल्यावर सगळे जमले. वेरूळला फार काही अडत नाही. शहरापासून ते सुमारे तीस किलोमीटरवर आहे, वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो, आणि सकाळी लवकर कैलास लेणे, म्हणजे १६ क्रमांकाचे, आधी पाहून मग बाकीच्यांकडे वळावे, एवढे सांगितले तरी पुरे.

अजिंठ्याची आजची व्यवस्था समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागते. १९८३ साली अजिंठा आणि वेरूळ जागतिक वारसा यादीत आले, आणि १९९२ पासून जपानच्या कर्जसाहाय्याने या परिसराच्या संवर्धनाचा आणि पर्यटन विकासाचा प्रकल्प सुरू झाला, ज्याचा दुसरा टप्पा २००३ मध्ये आला. त्यात लेण्यांची डागडुजी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, डोंगरावरची झाडे वन विभागाकडे, रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे, विमानतळ त्याच्या स्वतंत्र प्राधिकरणाकडे आणि प्रवाशांच्या सोयी राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाकडे अशी वाटणी होती. दिल्ली आणि मुंबई अशा दोन्ही सरकारांची खाती एका कामाला जुंपणे हे आपल्याकडे सोपे नाही, आणि ते कुठे जमले हे पाहायचे असेल तर फर्दापूरच्या टी-पॉइंटवर उभे राहावे.

टी-पॉइंट म्हणजे हमरस्त्यावरून लेण्यांकडे फाटा फुटतो ती जागा. खासगी गाडी इथेच, वाहनतळावर सोडावी लागते, आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर एसटी महामंडळाच्या बसनेच जावे लागते, कारण गाड्यांचा धूर चित्रांपासून लांब ठेवायचा आहे. पूर्वी लेण्यांच्या पायथ्याशी असलेली दुकानेही इकडे हलवली आहेत. आमच्या हातात तिथे एकामागून एक तीन कागद आले: सुविधा शुल्काची पावती पर्यटन महामंडळाची, बसचे तिकीट एसटीचे आणि वर गेल्यावर लेण्यांचे प्रवेशपत्र पुरातत्त्व खात्याचे. माझ्या मेहुण्यांनी पहिलीच पावती दाखवून वरच्या दारातून आत जाण्याचा प्रयत्न केला आणि त्यांना परत खिडकीकडे यावे लागले. तिन्हींसाठी एकच तिकीट का नाही, हा प्रश्न रांगेतल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता; तिघांचे हिशेब वेगळे असतात हे त्याचे उत्तर असले, तरी प्रवाशाने ते सोसावे असे काही नाही. सुटे पैसे जवळ ठेवावेत. भारतीयांसाठी लेण्यांचे प्रवेशशुल्क ४० रुपये आहे, आणि तिकीट घरूनच ऑनलाइन काढून त्याची प्रत मोबाइलमध्ये साठवून ठेवावी. दरीत नेटवर्कचा भरवसा धरू नये.

बस मात्र ठीक चालते. वातानुकूलित आणि साधी अशा दोन्ही असतात. वृद्ध सोबत असतील तर पहिली जी येईल ती घ्यावी, कारण खरी दमछाक वर, पायऱ्यांवर होते. तिथे डोलीवाले भेटतात, पण भाव आधी ठरवावा. गारगोट्या विकणारी मुले मागे लागतात. त्यांच्याशी दराची चर्चा सुरू केली की ती संपत नाही.

सगळे गट पहिल्या लेण्यापासून सुरुवात करतात, कारण पायऱ्या तिथेच चढून येतात. आम्ही सरळ चालत २६ व्या लेण्यापर्यंत गेलो, बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे ते विशाल शिल्प जवळजवळ एकट्याने पाहिले आणि मग उलट येत १७, १६, २ आणि १ अशी चित्रे पाहिली. चित्रांच्या लेण्यांत पादत्राणे बाहेर काढावी लागतात, फ्लॅश चालत नाही आणि एका वेळी मोजक्याच लोकांना आत सोडतात. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर, म्हणजे हाती कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर, गाभाऱ्याच्या डाव्या अंगाला, किमान पाच मिनिटे गप्प उभे राहावे. डोळे अंधाराला सरावल्यावरच हातातले निळे कमळ उमटते.

ज्या सांध्यावर व्यवस्था उसवली तोही दाखवतो. टी-पॉइंटजवळच मोठे अभ्यागत केंद्र बांधलेले आहे, १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या पूर्णाकृती प्रतिकृतींसह, म्हणजे मूळ लेण्यांवरचा ताण हलका व्हावा. कल्पना उत्तम होती. पण पाणी आणि विजेच्या थकलेल्या बिलांपायी ते बंद पडल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. बांधायचे कोणी हे कर्जाच्या करारात ठरते, पण पुढे दरमहा बिल कोणी भरायचे हे बहुधा ठरत नाही. म्हणून केंद्र उघडे आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारावे आणि त्यावर दिवसाचा बेत बांधू नये.

परतताना आम्ही टी-पॉइंटवरून जळगावची एसटी धरली. अंतर साठ किलोमीटर आहे, रस्त्याचे रुंदीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले असल्याने दोन तास धरूनच रेल्वेचे आरक्षण करावे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली असून तो अजिंठ्याजवळून जाणार आहे. तोवर टी-पॉइंटवर उभे राहून जळगावच्या बसला हात करणे, हाच मार्ग आहे.